नाकातल्या खपल्या, न येणारा वास आणि एक नीट तपासणारी ओपीडी: ॲट्रॉफिक ऱ्हायनायटिसच्या रुग्णाचा अभिप्राय

नाकातून हिरवट-काळ्या खपल्या निघतात, नाक सतत चोंदल्यासारखं वाटतं, जवळ आलेली माणसं तोंड फिरवतात आणि आपल्याला स्वतःला कसलाच वास येत नाही. या चारही गोष्टी ज्यांच्या बाबतीत एकत्र घडत असतील, त्यांच्यासाठी मी हे लिहिते आहे. अभिप्राय दोन गोष्टींचा आहे. एक, वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चालणारी नाकाची खास ओपीडी, जिथे माझ्या आजाराचं निदान झालं. दुसरी, तिथून मिळालेलं नाक धुण्याचं साहित्य. रुग्णालयाचं नाव देत नाही, कारण मला काही तक्रारीही मांडायच्या आहेत. शिवाय जे सांगायचंय ते कुठल्याही चांगल्या नाक-कान-घसा विभागाकडे गेलात तरी उपयोगी पडेल.

माझा आजार म्हणजे ॲट्रॉफिक ऱ्हायनायटिस. जुनं नाव ओझिना. यात नाकाचं आतलं अस्तर आणि त्याखालची पातळ हाडं हळूहळू झिजत जातात, नाकाची पोकळी नको तेवढी रुंद होते, चिकट स्राव वाळून त्याच्या खपल्या बनतात आणि त्या खपल्यांत जंतू वाढून दुर्गंधी सुटते. बर्नहार्ड फ्रेंकेल या जर्मन डॉक्टरांनी १८७० च्या दशकातच दुर्गंधी, खपल्या आणि झीज ही तीन लक्षणं एकत्र मांडून ठेवली होती. म्हणजे आजार नवा नाही. तरी तो ओळखला जायला मला बरीच वर्षं लागली.

मी शिवणकाम शिकवते. मशीनवर बसलेल्या मुलीच्या खांद्यावरून वाकून टीप दाखवणं, काजं कशी करायची ते हात धरून शिकवणं, हे माझं रोजचं काम. मी वाकले की मुली श्वास रोखून धरतात, हे मला दिसायचं. कारण कळत नव्हतं. शेवटी भाचीनं सांगितलं, लहान असल्यामुळे सरळ सांगितलं, की मावशी, तुझ्या श्वासाला वास येतो. तोंडाची दुर्गंधी समजून आधी दातांच्या डॉक्टरांकडे गेले. दात, हिरड्या, जीभ सगळं ठीक निघालं. मग सायनस झालं, ॲलर्जी झाली, नाकाचं हाड वाकडं असल्याचं सांगून झालं. नाक मोकळं करणारे थेंब तर वारंवार मिळाले. ते थेंब अस्तराच्या रक्तवाहिन्या आकसून टाकतात. जिथे मुळातच अस्तर वाळतंय आणि रक्तपुरवठा कमी झालाय, तिथे ते नकोच असतात, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. या सगळ्या भेटींमध्ये नाकात बॅटरी मारून पाहिलं जायचं, खपल्या दिसायच्या आणि पाहणं तिथेच संपायचं. खपल्यांच्या मागे काय आहे ते कुणी पाहिलं नाही.

या ओपीडीचं मला सगळ्यात जास्त कौतुक आहे ते याचसाठी. त्यांनी आधी खपल्या काढल्या आणि मग नाक पाहिलं.

पण त्याआधी प्रश्न. तपासणाऱ्या डॉक्टर बाईंनी माझ्या बरोबर आलेल्या धाकट्या बहिणीला बाहेर बसवलं नाही. उलट तिलाच विचारलं, "ताईंच्या श्वासाचा वास तुम्हाला कधीपासून जाणवतो? रोज सारखाच असतो का?" बहीण बिचारी अवघडली. इतकी वर्षं तिनं घरात हा विषय काढला नव्हता. डॉक्टर तिला म्हणाल्या, या आजारात वास ओळखणारं अस्तरसुद्धा झिजतं, त्यामुळे ज्याचं नाक त्यालाच वास येत नाही, म्हणून मला तुमची साक्ष हवी. मग बहीण बोलली. हे तिच्या तोंडून ऐकणं मला जड गेलं, पण निदानाची गाडी तिथूनच पुढे सरकली.

माझी पाळी कधी सुरू झाली आणि खपल्या त्याआधी सुरू झाल्या की नंतर, हेही त्यांनी विचारलं. नाकाच्या तपासणीत हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. आजार पुष्कळदा वयात येण्याच्या सुमाराला सुरू होतो, मुलींमध्ये जास्त आढळतो, म्हणून संप्रेरकांशी काही संबंध असावा असं मानलं जातं, एवढं त्यांनी सांगितलं. नाकाची आधी कुठली शस्त्रक्रिया झाली आहे का, नाकाला मार लागला होता का, चेहऱ्याच्या भागाला कधी रेडिएशन दिलंय का, घरात आणखी कुणाला असा त्रास आहे का, हेही विचारलं. प्रत्येक प्रश्न का विचारतोय ते सांगत सांगत विचारलं, हे मला फार आवडलं.

नंतरची चाचणी अगदी साधी होती. तोंड मिटून नाकानं श्वास सोडायचा, मग नाक चिमटीत धरून तोंडानं सोडायचा. वास नाकाच्या श्वासाला होता, तोंडाच्या नव्हता. इतक्या साध्या तपासणीनं दातांच्या डॉक्टरांकडच्या माझ्या चकरा वाचल्या असत्या. दुर्गंधी दोन्ही नाकपुड्यांतून आहे की एकाच, हेही पाहिलं. एकाच बाजूला असेल तर विचार निराळा करावा लागतो: लहान मुलांत नाकात अडकलेली वस्तू, मोठ्यांत वरच्या दाढेच्या मुळापासून सायनसमध्ये गेलेला पू किंवा बुरशीचा गोळा. माझ्या दोन्ही बाजू सारख्याच होत्या.

मग खपल्या. कोमट द्रावणानं त्या भिजवल्या, थोडा वेळ जाऊ दिला, आणि बारीक चिमट्यानं न ओढता, सैल होतील तशा काढल्या. काही खपल्या नाकाच्या आतल्या आकाराच्या साच्यासारख्या अख्ख्या निघाल्या. थोडं रक्त आलं. दुखलं कमी, कारण आतली संवेदनाच मंद झालेली. हे काम करणाऱ्या निवासी डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी तोंडावर मास्क लावला होता, पण चेहऱ्यावर किळस आणली नाही, घाई केली नाही. ज्यांच्याजवळ बसायला लोक कचरतात, त्यांना हे किती मोठं असतं ते इथे लिहून सांगता येणार नाही.

त्यानंतर एंडोस्कोपी. ४ मिलिमीटर जाडीची सरळ नळी, तिच्या टोकाला प्रकाश, आणि समोर पडद्यावर चित्र. पडदा माझ्याकडे वळवून ठेवला होता. निरोगी नाकात बाजूच्या भिंतींवर टर्बिनेट नावाच्या वळ्या असतात. डॉक्टरांनी आधी निरोगी नाकाचं चित्र दाखवलं आणि मग माझं. मला माझ्या कामातलंच आठवलं. थोड्या रुंदीत जास्त कापड बसवायला आपण चुण्या घालतो, तसं थोड्या जागेत जास्त अस्तर बसावं म्हणून या वळ्या असतात. आत येणारी हवा त्यांच्यावरून घासत जाते आणि फुप्फुसात पोचेपर्यंत गरम, ओलसर होते. माझ्या नाकात खालची वळी चिंचोळी कड होऊन उरली होती, आणि मधली कशीबशी ओळखू येत होती. बाकी मोकळी पोकळी.

"आता गिळा," डॉक्टर म्हणाल्या. मी गिळलं तर पडद्यावर मागची भिंत हलली. नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या भागात ती असते. एरवी समोरून सहज दिसत नाही, पण इतक्या रुंद नाकात एंडोस्कोपशिवायही दिसू शकते, असं त्यांनी सांगितलं.

मग मी विचारलं, इतकी वर्षं मनात असलेलं. नाक एवढं मोकळं असेल तर मला ते बंद का वाटतं?

या उत्तरासाठी मी त्या ओपीडीला पैकीच्या पैकी गुण देईन. नाक मोकळं आहे हे आपल्याला कळतं ते मुख्यतः गारव्यामुळे. आत जाणारी हवा अस्तराला गार करते आणि तो गारवा तिथल्या मज्जातंतूंची टोकं टिपतात. मेंथॉलनं नाक उघडल्यासारखं वाटतं तेही याचमुळे. आतली जागा तेवढीच राहते, फक्त गारव्याची जाणीव जागी होते. माझं अस्तर झिजल्यामुळे हा निरोपच वर पोचत नव्हता. त्यात खपल्या खरोखरच वाट अडवत होत्या. म्हणजे मी "नाक बंद आहे" म्हणत होते ते खोटं नव्हतं. आधीच्या एका ठिकाणी मला "नाक तर चांगलं उघडं आहे, तुम्ही ताण घेता" असं ऐकून घ्यावं लागलं होतं, म्हणून हे मला महत्त्वाचं वाटतं.

पुढची तपासणी सॅकरिनची. सॅकरिनचा बारीक कण नाकाच्या आत, पुढच्या भागात ठेवतात आणि गोड चव कधी लागते त्याची वेळ मोजतात. निरोगी नाकातल्या अस्तरावर सूक्ष्म केस असतात, ते सतत हलत राहून वरचा चिकट थर घशाकडे सरकवत नेतात. साधारण २० मिनिटांच्या आत गोडी लागायला हवी. या काळात शिंकायचं नाही, नाक ओढायचं नाही, पाणी प्यायचं नाही. अर्धा तास उलटला, मला काही लागलं नाही. शेवटी त्यांनी एक कण जिभेवर ठेवून पाहिला, तो लगेच गोड लागला. म्हणजे चव शाबूत होती, नाकातली वाहतूक थांबली होती. महागडं यंत्र न लावता इतकं नेमकं काही कळू शकतं, याचं मला नवल वाटलं. ही चाचणी सगळीकडे करतातच असं नाही.

रक्ताच्या, इतर तपासण्या पुष्कळ झाल्या. त्या मला थोडक्यात सांगायच्या आहेत, पण का केल्या ते मात्र नीट सांगायला हवं, कारण इथेच रुग्ण कंटाळून मधेच सोडून जातात. ॲट्रॉफिक ऱ्हायनायटिस दोन प्रकारचा. प्राथमिक म्हणजे आपणहून झालेला, आणि दुय्यम म्हणजे दुसऱ्या कशामुळे तरी झालेला. दुय्यम प्रकाराची कारणं शोधून ती नाहीत असं ठरल्याशिवाय प्राथमिक म्हणता येत नाही. क्षयरोग, कुष्ठरोग, सिफिलिस, सार्कॉइडोसिस (अवयवांत सुजेच्या बारीक गाठी करणारा आजार) हे सगळे नाकात शिरून असंच नुकसान करू शकतात. जीपीए नावाचा एक रक्तवाहिन्यांचा आजार आहे, त्यातही नाकात खपल्या आणि रक्त येतं, पण तो मूत्रपिंड आणि फुप्फुसांपर्यंत पोचतो आणि वेळेवर ओळखला नाही तर जिवावर बेततो. त्यासाठी अँका नावाची रक्ततपासणी करतात. माझी ती नकारात्मक आली. छातीचा एक्स-रे स्वच्छ. हिमोग्लोबिन कमी, लोह कमी, त्याचे उपचार लगेच सुरू झाले, कारण लोहाची कमतरता हीही या आजाराशी जोडली जाते.

नाकाच्या स्रावाच्या कल्चरमध्ये, म्हणजे स्रावातले जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत, क्लेब्सिएला ओझिनी हा जंतू वाढला. मला वाटलं, सापडला चोर. डॉक्टरांनी तिथे थांबवलं. हा जंतू या रुग्णांत पुष्कळदा सापडतो खरा, पण झीज त्यानं सुरू केली की आधीच झिजलेल्या नाकात तो येऊन राहिला, याचा निकाल लागलेला नाही, आणि नंतर आला असावा असंच पुष्कळ जण मानतात. जंतू मारला की वास कमी होईल, पण झिजलेली वळी परत येणार नाही. हे ऐकायला कडू होतं. पण त्यांनी ते गोळ्यांची चिठ्ठी हातात देऊन लपवलं नाही.

सीटी स्कॅनच्या अहवालात खालची आणि मधली टर्बिनेट झिजलेली, नाकाची पोकळी रुंद, गालामागचे सायनस लहान राहिलेले, असं आलं. बायोप्सीचा अगदी छोटा तुकडा घेतला. त्यात गाठीचा किंवा इतर आजाराचा मागमूस नव्हता. एरवी तिथे सूक्ष्म केस असलेल्या उंच पेशींचं अस्तर असतं, त्या जागी त्वचेसारख्या चपट्या पेशी आल्या होत्या. सॅकरिन पुढे का सरकलं नाही त्याचा खुलासा इथे झाला.

निदान सांगायला डॉक्टरांनी वेगळी वेळ दिली, घाईच्या ओपीडीत उभ्याउभ्या सांगितलं नाही. मी तोवर एम्प्टी नोज सिंड्रोमबद्दल बरंच वाचून गेले होते, कारण लक्षणं जुळत होती. तो आपल्याला नाही हे त्यांनी समजावलं. तो बहुतेकदा टर्बिनेट कापण्याच्या शस्त्रक्रियेनंतर होतो. १९९४ मध्ये मेयो क्लिनिकच्या यूजीन कर्न आणि मोनिका स्टेनक्विस्ट यांनी ते नाव दिलं. त्यात नाक मोकळं असून गुदमरल्यासारखं वाटतं, पण खपल्यांचा आणि दुर्गंधीचा असा थर सहसा नसतो. त्यासाठी सहा प्रश्नांची एक प्रश्नावली असते, आणि जिथली वळी गेली आहे तिथे ओलसर कापूस ठेवून बरं वाटतं का ते पाहतात. २००१ मध्ये मेयो क्लिनिकच्या मूर आणि कर्न यांनी ॲट्रॉफिक ऱ्हायनायटिसच्या २४२ रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला, त्यात बहुतेकांचा आजार दुय्यम होता. माझ्या नाकाला कधी सुरी लागलेली नाही. माझा प्राथमिक. का झाला, या प्रश्नावर डॉक्टर म्हणाल्या, "अनुवंश, संप्रेरकं, पोषण, जंतू, स्वतःच्याच प्रतिकारशक्तीचा हल्ला, सगळ्यांवर बोट ठेवलं गेलंय. एकच एक कारण आम्हाला सांगता येत नाही." मला हे उत्तर पुरलं.

आता धुण्याचं साहित्य. या आजारात औषध कमी आणि धुणं जास्त, म्हणून यावर जरा सविस्तर लिहिते.

मी तीन प्रकार वापरून पाहिले. मोठी सिरिंज, तोटीचं भांडं आणि दाबायची मऊ प्लॅस्टिकची बाटली. सिरिंजचा जोर एकाच ठिकाणी बसतो, आणि तिचं टोक कठीण असतं. माझ्यासारख्या झिजलेल्या नाकात ते घासून रक्त येतं. तोटीचं भांडं सौम्य आहे, पण त्यातून पाणी नुसतं वाहतं, चिकटलेली खपली हलत नाही. ज्यांना साधी सर्दी किंवा ॲलर्जी आहे त्यांना ते चालेल. मला उपयोगी पडली ती २४० मिलिलिटरची दाबायची बाटली. तिचं टोक मऊ आणि गोलसर असावं, नाकपुडीच्या तोंडाशी टेकावं, आत शिरू नये. हातानं हळू दाबलं की पाण्याचा जाड झोत जातो आणि जोर आपल्या हातात राहतो. एकदम दाबलं तर पाणी कानाच्या नळीत चढतं आणि कान दडपतो. वाकून, डोकं किंचित कलतं ठेवून, तोंड उघडं ठेवून "आ" म्हणत राहायचं, म्हणजे पाणी घशात उतरत नाही. झाल्यावर नाक जोरानं शिंकरायचं नाही. पुढे वाकून थोडा वेळ थांबायचं, आतलं पाणी आपणहून गळतं. माझ्या बाटलीचा दोष एकच, तिच्या झाकणातली बारीक नळी लवकर बुळबुळीत होते आणि ती नीट घासता येत नाही. नळी सुटी निघणारी बाटली घ्या.

पाण्याबद्दल अजिबात तडजोड करू नका. नळाचं पाणी थेट नाकात घालायचं नाही. पाणी खळखळून निदान १ मिनिट उकळायचं, सुमारे २००० मीटरपेक्षा उंचावर राहत असाल तर ३ मिनिटं, आणि मग कोमट होऊ द्यायचं. नाहीतर डिस्टिल्ड पाणी. नेग्लेरिया फाउलेरी नावाचा अमीबा पिण्याच्या पाण्यातून पोटात गेला तर आजार होत नाही, पण नाकातून मेंदूपर्यंत पोचला तर माणूस वाचणं फार कठीण. अशा घटना दुर्मीळ आहेत, पण आम्हाला नाक रोज आणि तेही पुन्हा पुन्हा धुवायचं असतं.

तयार मिठाच्या पुड्या सोयीच्या आहेत, प्रवासात मी त्याच वापरते. घरी मिश्रण करायचं तर आयोडिन नसलेलं मीठ ३ चमचे, खाण्याचा सोडा १ चमचा, एकत्र करून कोरड्या बरणीत ठेवायचं, आणि २४० मिलिलिटर पाण्यात त्यातला १ चमचा. सोडा घातला की चुरचुरत नाही आणि चिकटा सुटायला मदत होते. नुसतं साधं पाणी वापरून बघितलं तर आतून झणझणतं. ओपीडीनं मला सुरुवातीला दिलेली पावडर मात्र वेगळी होती: खाण्याचा सोडा १ भाग, बोरॅक्स (टाकणखार) १ भाग, मीठ २ भाग, आणि २८० मिलिलिटर कोमट पाण्यात तिचा एक चमचा. ही पाठ्यपुस्तकातली जुनी अल्कली धुलाई आहे. खपल्या सोडवण्यात ती माझ्या अनुभवात पुड्यांपेक्षा सरस ठरली. पण बोरॅक्स पोटात जाऊन चालत नाही, त्यामुळे ती डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय आणि तंत्र पक्कं बसल्याशिवाय वापरू नका, लहान मुलांपासून दूर ठेवा.

धुतल्यावर ग्लिसरीनमधलं २५ टक्के ग्लुकोजचं द्रावण थेंबानं घालायचं. याची कारणमीमांसा मला फार पटली. ग्लुकोज मोडून लॅक्टिक आम्ल तयार होतं, प्रथिनं कुजवून दुर्गंधी निर्माण करणाऱ्या जंतूंना ते मानवत नाही. ग्लिसरीन ओल धरून ठेवतं. घातल्यावर घशात चिकट उतरतं, थोडी खोकल्याची उबळ येते, आणि उशीला डाग पडतात. त्यावर उपाय एवढाच की थेंब घालून लगेच आडवं न होता थोडं बसावं. खपली बोटानं काढायची नाही हे सगळेच सांगतात. दोन नाकपुड्यांमधल्या पडद्याला भोक पडू शकतं, हे कारण सांगितलं की मग हात आपोआप थांबतो. उष्ण हवेच्या प्रदेशात अशा नाकाकडे माश्या येतात आणि आत अळ्याही होऊ शकतात, म्हणून झोपताना जाळी लावायची, हेही त्यांनी न कचरता सांगितलं.

गुण किती आला? दुर्गंधी पुष्कळच गेली. माझा शब्द यात चालत नाही, बहिणीचा आणि भाचीचा चालतो, आणि दोघी तसं म्हणतात. खपल्या रोज होतात, पण मऊ आणि लहान. वास घेण्याची शक्ती परतली नाही. धुणं दोन दिवस चुकलं की सगळं परत येतं, हे स्पष्ट सांगते.

आता तक्रारी. निदान हाती यायला लागलेला काळ फार लांब होता, प्रत्येक तपासणीची तारीख वेगळी, आणि कल्चरचा अहवाल आला आहे हे मला कुणी कळवलं नाही. दुसरी तक्रार जास्त लागणारी. नोंदणीच्या खिडकीवरच्या माणसानं रांगेसमोर मोठ्यानं विचारलं, "वासाची तक्रार तुमचीच का?" अशा आजारात खिडकीवरच्या माणसालाही शिकवायला हवं. तिसरी, हाती दिलेल्या छापील कागदावर "दुर्गंधी कमी होते का ते रोज पाहा" असं लिहिलंय. ते रुग्णाला उद्देशून लिहिण्यात अर्थ नाही, घरच्यांसाठी लिहायला हवं. आणि वास येत नाही म्हणजे गॅस सुटलेला, काही जळत असलेलं कळणार नाही, याबद्दल मी विचारेपर्यंत कुणी बोललं नाही. गॅस आणि धूर ओळखणारं यंत्र घरात लावून घ्या, निदान व्हायची वाट पाहू नका.

शस्त्रक्रियेचा पर्याय मोकळेपणानं मांडला, लादला नाही. ऑस्टेन यंग यांनी १९६७ मध्ये मांडलेली पद्धत अशी की नाकपुड्या आतल्या त्वचेच्या पाकळ्यांनी चक्क बंद करून टाकायच्या, काही महिने, म्हणजे कोरडी हवा जाणं थांबून अस्तराला सावरायला वेळ मिळतो, आणि मग उघडायच्या. सुधारित पद्धतीत ३ मिलिमीटरचं छिद्र ठेवतात. इतके दिवस तोंडानं श्वास घेऊन वर्गात दिवसभर बोलायचं कसं, हा माझा प्रश्न आहे. तो अजून सुटलेला नाही. त्यांनीही घाई केली नाही.

ओपीडीला मी पाचपैकी साडेचार देईन. अर्धा गुण खिडकीचा आणि छापील कागदाचा. बाटलीला चार. साध्या सर्दीसाठी किंवा नुकत्याच सुरू झालेल्या चोंदण्यासाठी इतक्या लांब तपासण्यांत पडायची गरज नाही. पण खपल्या महिनोन्‌महिने येत असतील आणि तुमच्या तपासणीत अजून कुणी त्या काढून मागे पाहिलं नसेल, तर एंडोस्कोपी असलेल्या ठिकाणी जा. रोज तुमच्याजवळ बसणारं एक माणूस बरोबर न्या आणि आजवर नाकात घातलेल्या सगळ्या थेंबांच्या, फवाऱ्यांच्या बाटल्या पिशवीत घेऊन जा. पहिल्या भेटीच्या दिवशी सकाळी नाक धुऊ नका. तपासणाऱ्याला खपल्या आहेत तशा बघायच्या असतात, आणि कल्चरसाठीचा स्वॅबही तेव्हाच नीट घेता येतो.